घरघंटीचा अफिलिएट फनेल: कमिशन कुठं गळत होतं ते सापडायला तीन-चार महिने लागले

आमच्या बार्शीकडं घरी दळायच्या छोट्या गिरणीला घरघंटी म्हणतात. मावशीकडं ती आहे, तिच्यावर मी दोन मिनिटांचा व्हिडिओ केला होता, भाजणी दळतानाचा, आणि त्याखाली कितीतरी जणींनी विचारलं की ताई कुठली मशीन, कितीला पडली, लिंक द्या. तिथून डोक्यात आलं की अफिलिएट करून बघू. म्हणजे आपण माहिती द्यायची, माणूस आपल्या लिंकवरून दुकानात गेला आणि त्यानं घेतलं तर दुकान आपल्याला कमिशन देतं, घेणाऱ्याला किंमत तीच पडते. ॲमेझॉनचा असोसिएट्स प्रोग्राम १९९६ पासून चालू आहे, तोच घेतला. पुढं जे झालं ते आकड्यांसकट लिहितेय. आकडे छोटे आहेत पण आमचे स्वतःचे आहेत, वहीत रोज लिहिलेले.

पहिला फनेल, म्हणजे बघणाऱ्यापासून घेणाऱ्यापर्यंतची वाट, अगदी सरळ होता. यूट्यूबचा व्हिडिओ आणि थोडं गूगल सर्च, तिथून माणूस आमच्या पानावर, पानावर तीन मशीनची तुलना, खाली मोठं बटण, बटण दाबलं की दुकान. पान गणपतीनंतर चालू केलं. दिवाळी उरकेपर्यंत ११४० जण पानावर येऊन गेले, त्यातल्या १९० जणांनी बटण दाबलं, आणि ऑर्डरी किती तर ३. त्या तिन्हीत घरघंटी एकही नाही! एक मोबाइलचं कव्हर, एक स्टीलच्या डब्यांचा सेट आणि एक चार्जर. आपल्या लिंकवरून गेलेल्या माणसानं ठरलेल्या वेळात दुसरं काही घेतलं तरी ते आपल्या नावावर लागतं, म्हणून हे तीन दिसत होते. त्या तिघांचा एक उपयोग मात्र झाला, कारण नवीन खात्याला पहिल्या १८० दिवसांत ३ विक्री दाखवाव्या लागतात नाहीतर खातं बंद होतं, तेवढं निभावलं.

या काळात आम्ही एक टेस्टही केली होती आणि ती चुकली, ते आधी सांगते कारण ही चूक फार जणांकडून होते. बटणाचा रंग. नवरात्रातल्या आठवड्यात केशरी बटण ठेवलं, २७० जण आले, ३८ क्लिक, म्हणजे १४ टक्के. मग दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात हिरवं केलं, ४१० जण आले, ९० क्लिक, २२ टक्के. मला इतका आनंद झाला की मी पुण्याला नणंदेला फोन केला, ती आयटीत आहे, म्हटलं हिरवं बटण जिंकलं गं. ती शांतपणे म्हणाली, "वहिनी, दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात बायका काय दळतात?" चकलीची भाजणी! अनारशाचं पीठ, बेसन, सगळं त्याच आठवड्यात, गिरणीत रांग लागते, आणि रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला घरघंटीची आठवण येणारच. दिवाळी झाल्यावर बटण तसंच हिरवं ठेवून पाहिलं तर १५० जणांत १९ क्लिक, १३ टक्क्यांच्या आत. म्हणजे रंगाचं काहीच नव्हतं, सणाचं होतं. एक आठवडा हे आणि एक आठवडा ते अशी टेस्ट करायचीच नाही, दोन्ही पानं एकाच वेळी चालू पाहिजेत आणि येणारा माणूस नाणेफेक केल्यासारखा या किंवा त्या पानावर गेला पाहिजे. गूगलचं ऑप्टिमाइझ नावाचं फुकट टूल होतं ते ३० सप्टेंबर २०२३ ला बंद झालं, म्हणून नणंदेनं दहा-बारा ओळींचा कोड लिहून दिला, त्यात एवढंच की माणूस आला की अर्धे इकडं अर्धे तिकडं, आणि एकदा जे पान दिसलं तेच त्याला पुढच्या वेळीही दिसणार. हे दुसरं महत्त्वाचं आहे, नाहीतर एकच बाई सकाळी एक पान आणि रात्री दुसरं पान बघते आणि हिशोबाचा काला होतो.

आता मुख्य गोष्ट. १९० क्लिक आणि शून्य घरघंटी, हे का? मी आधी समजत होते की मशीन महाग आहे, लोक नुसते बघून येतात. पण डिसेंबरमध्ये व्हॉट्सॲपवर चार बायकांचे मेसेज आले, वेगवेगळ्या गावच्या, की ताई तुमचा व्हिडिओ बघून मशीन घेतली, एकीनं तर पहिल्या दळणाचा फोटो पाठवला. चार मशीन विकल्या गेल्या होत्या आणि आमच्या खात्यावर एकही नव्हती. मी त्यांना विचारलं, कधी लिंक उघडली आणि कधी घेतली? उत्तरं जवळपास सारखीच. लिंक उघडली, किंमत बघितली, मिस्टरांना दाखवली, सासूबाईंना विचारलं, पगार झाल्यावर बघू म्हटलं, आणि आठ-दहा दिवसांनी ॲप उघडून सरळ घेतली. एकीला तर तीन आठवडे लागले.

नियम मी नीट वाचलेच नव्हते. लिंकवर क्लिक केल्यापासून २४ तास, एवढाच आपला हिशोब चालतो. त्या २४ तासांत वस्तू कार्टमध्ये टाकली असेल तर मात्र ८९ दिवसांपर्यंत ऑर्डर झाली तरी ती धरतात. आता विचार करा, मोबाइलचं कव्हर माणूस दहा मिनिटांत घेतो, त्याला २४ तास भरपूर झाले, पण १८ हजारांची मशीन मध्यमवर्गीय घरात २४ तासांत ठरते का? आमचा फनेल जितका चांगला चालत होता, म्हणजे जितक्या लवकर लोक बटण दाबत होते, तितकं आमचं घड्याळ लवकर संपत होतं. जास्त क्लिक मिळवायचे म्हणून मी महिनाभर जी धडपड केली ती बरोबर उलट्या दिशेची होती. हे कळलं तेव्हा मला खरंच रडू आलं, पण हेही कळलं की माल खपतोय, लोकांचा भरवसा आहे, फक्त माणूस दुकानात फार लवकर जातोय.

म्हणजे फनेलमधे एक टप्पा कमी होता. निर्णय होईपर्यंत माणूस आपल्याजवळ थांबला पाहिजे, आणि थांबायला त्याला काहीतरी खरंखुरं कारण पाहिजे.

ते कारण काय हे मावशीनं सांगितलं, म्हणजे तिला माहीतही नव्हतं की ती सांगतेय. मी तिच्या हातात फोन दिला, म्हटलं हे पान वाच आणि मनात येईल ते बोलत राहा, मी शेजारी बसून लिहून घेतलं. ती "१ एचपी मोटर" या ओळीवर थांबली आणि म्हणाली, "हे काय गं, लाइट बिल किती येईल ते सांग की." मग खाली जाऊन, "आवाजाचं काहीच लिहिलं नाहीस, माझी वरची शेजारीण पहिल्या दिवशी भांडायला आली होती." मग, "जोंधळा आणि बाजरी एकाच जाळीतनं काढायची का ते लिही, नव्या बाईला कळत नाही." आणि शेवटी जो प्रश्न सगळ्यात जड होता तो, "पण गिरणीत सात रुपये किलोनं दळून मिळतं, मग ही परवडते का?" आमच्या पानावर वजन, रंग, वॉरंटी, जाळ्या किती हे सगळं होतं. या चारपैकी एकाचंही उत्तर नव्हतं.

म्हणून हिशोब मांडला. १ एचपी, म्हणजे एक हॉर्सपॉवर, म्हणजे ७४६ वॅट, मोटरमधे थोडी वीज वाया जाते ती धरून तासाला साधारण १ युनिट धरायचं. तासाला ७ किलो दळण धरलं आणि युनिटला ८ रुपये धरले, तुमच्या बिलावर जो दर असेल तो घाला. चौघांच्या घरात महिन्याला २५ किलो दळण लागत असेल तर गिरणीचे १७५ रुपये वाचतात, विजेचे २८-२९ जातात, म्हणजे महिन्याला १४६-१४७ रुपये वाचले. १८ हजारांची मशीन त्यावर फिटायला १० वर्षं! एकत्र कुटुंब असेल, महिन्याला ६० किलो, तर ४२० मधून ६९ वजा, ३५१ रुपये, साडेचार वर्षांच्या आत फिटते. आणि भाजणी, थालीपिठाचं पीठ वगैरे मिळून १५० किलोपर्यंत दळण जाणारं घर असेल तर २०-२१ महिन्यांत.

नणंद म्हणाली, हा हिशोब दाखवला तर निम्म्या जणी घेणारच नाहीत. मी म्हटलं नकोच घ्यायला. पैशासाठी घेणाऱ्या चौकोनी कुटुंबानं ती घेऊच नये असं माझं मत आहे आणि ते मी पानावर तसंच लिहिलंय. पण गिरणी दोन किलोमीटरवर आहे, घरात म्हातारी माणसं आहेत, डबा डोक्यावर घेऊन जिना चढता येत नाही, किंवा बाळाला नाचणी-तांदूळ आपल्या डोळ्यांसमोर दळलेलंच द्यायचंय, अशा घरांना दहा वर्षांचा हिशोब दिसला तरी ते घेतात आणि समाधानानं घेतात. त्यांनीच घ्यावी.

मग दुसरी टेस्ट, जानेवारीत, आणि ही नीट केली. प्रश्न असा होता की माणसाला थांबवायचं कसं. पहिला प्रकार सगळे सांगतात तो, मोफत पीडीएफ "घरघंटी घेण्याआधी", त्यासाठी ईमेल द्या. दुसरा प्रकार माझ्या डोक्यातला: पानावर एकच ओळ, "तुमच्या घरी महिन्याला किती किलो दळण लागतं? व्हॉट्सॲपवर आकडा लिहा, मी हिशोब करून पाठवते, परवडत नसेल तर तसंही सांगेन." सुरू करायच्या आधीच ठरवलं की दोन्ही बाजूला साधारण ३००-३०० जण आले की थांबायचं, मधे कुणी पुढं दिसलं म्हणून बंद करायचं नाही.

हा ३०० आकडा कुठून आला ते सांगते, कारण छोट्या ट्रॅफिकवाल्यांसाठी, म्हणजे ज्यांच्या पानावर कमी माणसं येतात त्यांच्यासाठी, मला हेच सगळ्यात कामाचं वाटलं. एक अंदाजाचं सूत्र आहे: दोन्ही दर दशांशात लिहा (३ टक्के म्हणजे ०.०३), त्यांची सरासरी घ्या, ती आणि १ मधून ती वजा केल्यावर उरतं ते, यांचा गुणाकार करा, त्याला १६ नं गुणा, आणि जो फरक पकडायचाय त्याच्या वर्गानं भागा, एवढी माणसं प्रत्येक बाजूला लागतात. समजा ३ टक्क्यांचे ४ टक्के झाले का हे बघायचंय, तर उत्तर येतं जवळपास ५४०० जण, एका बाजूला. आमच्याकडं आठवड्याला १४० च्या आसपास माणसं यायची, म्हणजे ही एक टेस्ट पुरी व्हायला दीड वर्ष लागलं असतं. पण ३ चे १२ झाले का असं विचारलं तर एका बाजूला १४० जण पुरतात. म्हणजे बटणाचा रंग, अक्षराचा आकार, असल्या बारीक गोष्टी लाखांनी ट्रॅफिक असणाऱ्यांनी तपासाव्यात, आपल्यासारख्यांनी पूर्ण वेगळीच गोष्ट समोरासमोर ठेवायची, ज्यात फरक पडला तर दणकून पडेल. आम्ही १४० च्या दुप्पट धरले, सेफ म्हणून.

निकाल: ईमेलवाल्या पानावर ३१० जणांपैकी ९ जणांनी ईमेल दिला, ३ टक्क्यांच्या जरा आत. व्हॉट्सॲपवाल्या पानावर २९८ पैकी ४१ जणींनी आकडा लिहिला, १४ टक्क्यांच्या जवळ. यात शंका घ्यायला जागाच नाही. कारण शोधायलाही फार लांब जायला नको, आमच्या वाचकांत बहुतेक जणींचा ईमेल फोन चालू करताना दुकानदारानं बनवून दिलेला असतो, तो त्या उघडतच नाहीत, व्हॉट्सॲप मात्र दिवसातून पन्नासदा उघडतं.

मथळ्याचीही एक टेस्ट सोबत घुसडायचा मोह झाला होता, "आटा चक्की" की "घरघंटी". ती नंतर वेगळी केली, सात आठवडे चालवली आणि फरक इतका किरकोळ आला की त्यावरून काही ठरवता येत नाही. घरघंटी ठेवलं, कारण आलेल्या मेसेजमधे बायका तोच शब्द लिहितात.

नवा फनेल मग असा झाला. बाई पानावर येते, किलोचा आकडा पाठवते, मी त्याच दिवशी हिशोब पाठवते. दोन दिवसांनी आवाजाचा व्हिडिओ, मावशीच्याच घरातला, एकदा स्वयंपाकघरात उभं राहून आणि एकदा दार लावून बाहेरच्या खोलीतून, म्हणजे ऐकणारीला अंदाज येतो. पाचव्या दिवशी साफसफाई आणि काय दळायचं नाही ते: धान्य ओलसर असेल तर जाळी बंद होते, भाजणी भाजून पूर्ण गार झाल्याशिवाय टाकायची नाही, शेंगदाणे-तीळ असलं तेलकट तर मुळीच नाही. आठव्या दिवशी एकच प्रश्न, "घरात बोलणं झालं का, ठरलं का?" ठरलं म्हटलं तरच शेवटच्या पानाची लिंक द्यायची. नाही म्हटलं तर काही पाठवायचं नाही, मागं लागायचं नाही.

मेसेजमधे दुकानाची लिंक थेट टाकत नाही, ईमेल-एसएमएसमधे असोसिएट्सची लिंक वापरण्यावर नियमांत बंधन आहे, म्हणून मेसेजमधून नेहमी आपल्याच पानाची लिंक आणि दुकानाची लिंक फक्त त्या पानावर. तिथं प्रत्येक मशीनला वेगळा ट्रॅकिंग आयडी लावलाय, त्यामुळं कुठल्या बटणावरून ऑर्डर आली ते रिपोर्टमधे कळतं. किंमत हातानं लिहीत नाही, ती रोज बदलते आणि जुनी किंमत बघून गेलेली बाई चिडते, ते बरोबरच आहे. आणि पानाच्या वरच, मशीनच्या फोटोआधी, मराठीत लिहिलंय की या लिंकवरून घेतलंत तर आम्हाला कमिशन मिळतं, तुम्हाला जास्त पैसे पडत नाहीत, आज ठरत नसेल तर कार्टमधे टाकून ठेवलंत तरी चालतं. जाहिरातीचं नातं उघड सांगणं आपल्याकडं बंधनकारक आहे, जाहिरातवाल्यांचीच संस्था असलेल्या एएससीआयची इन्फ्लुएन्सर नियमावली २०२१ ची आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याच्या सूचना जानेवारी २०२३ च्या. कुणीतरी सुचवलं की ही ओळ वर आणि खाली ठेवून टेस्ट करून बघा क्लिक कमी होतात का. ही टेस्ट करायची गोष्टच नाही. समोरची बाई मला ताई म्हणून विचारतेय, तिला माहीत असायलाच हवं की मला यातून काय मिळतं.

व्हॉट्सॲपचं एक सांगायचं राहिलं. ब्रॉडकास्ट लिस्टमधे २५६ जणच बसतात आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. हे माहीत नसताना पाच-सहा दिवस माझे मेसेज निम्म्या जणींना गेलेच नव्हते आणि मला वाटत होतं त्या उत्तर देत नाहीत. आता पहिल्याच मेसेजमधे सांगते की नंबर सेव्ह करा, पुढचे तीन मेसेज हवेत का तेही विचारते, नको म्हटलं की वहीतून नंबर खोडते.

दहा आठवड्यांचे आकडे: १३८० जण पानावर आले. १७३ जणींनी किलोचा आकडा पाठवला. त्यातल्या ६४ जणींना मी स्पष्ट लिहिलं की पैशाच्या हिशोबानं तुम्हाला परवडणार नाही. शेवटच्या पानावर ६१ जणी पोचल्या, ३८ जणींनी दुकानाची लिंक उघडली, ११ घरघंट्या गेल्या. २ परत आल्या, एक वाटेत आपटून आलेली आणि एकीला आवाज सहन झाला नाही, माल परत गेला की कमिशनही परत जातं, म्हणून धरायच्या ९. आधी १९० क्लिकमधे शून्य आणि आता ३८ मधे ९. क्लिक पाचपटीनं कमी झाले आणि मला त्याचं काहीच वाटत नाही.

पण याची दुसरी बाजूही मांडायलाच हवी. १७३ भागिले ९, म्हणजे एका कमिशनमागं १९ जणींशी बोलायचं, आणि हे सगळं हातानं, संध्याकाळी भाकऱ्या झाल्यावर दीड तास. जाहिरात लावून हे वाढवता येईल का, तेही बघितलं. १३८० भागिले ९, एका कमिशनला १५३ जण पानावर यावे लागतात, एका क्लिकला ४ रुपये जरी धरले तरी ६१२ रुपये जाहिरातीतच गेले, आणि हातात येणारं कमिशन त्याच्यापेक्षा कमी पडतं. म्हणून जाहिरात नाही, जे येतंय ते व्हिडिओ आणि सर्चमधून. कुणी तुम्हाला सांगितलं की फनेल बनवा, ॲड लावा आणि झोपेत पैसे येतील, तर त्याच्याकडून हा एक भागाकार करून घ्या.

सगळ्यात मोठी गळती आता १३८० ते १७३ मधे आहे, म्हणजे आठातल्या सात जणी आकडा न लिहिता जातात. मावशीचं म्हणणं आहे की आवाजाचा व्हिडिओ दुसऱ्या दिवशी कशाला, पहिल्यांदाच ऐकवा, ज्यांना झेपणार नाही त्या तिथंच परततील आणि मशीन परत येणार नाही. नणंदेला वाटतं त्यानं आकडा पाठवणाऱ्या कमी होतील. मला दोघींचंही म्हणणं पटतंय म्हणून तीच टेस्ट लावलीय, एका पानावर वरती आवाज, दुसऱ्यावर नाही, या वेळी प्रत्येक बाजूला ७०० जण ठरवलेत. लग्नसराई आणि कुरडया-पापडांचे दिवस मधे येतायत, पण दोन्ही पानं एकाच वेळी चालू आहेत. काल रात्रीपर्यंत एकीकडं २१२ आणि एकीकडं २०४ झाले होते, कुठलं पान पुढं आहे ते मी अजून उघडून बघितलेलं नाही.